पीसीवरचा गेम टीव्हीवर खेळताना कंट्रोलरचा गोंधळ कसा निस्तरायचा

गेमच्या मेनूमध्ये खालचं बटण एकदाच दाबलं, पण निवड पहिल्या ओळीवरून थेट तिसऱ्या ओळीवर गेली. किंवा स्टीमच्या (पीसीवर गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर) मेनूत कंट्रोलर झकास चालतोय, पण गेम सुरू झाला की ढिम्म काही होत नाही. किंवा कोणी हातही लावलेला नसताना कॅमेरा गरगर फिरतोय. पीसीवरचा गेम टीव्हीवर न्यायला लागलं की यातलं काहीतरी लवकरच भेटतं, आणि पहिला संशय कंट्रोलरवर जातो. नवा कंट्रोलर मागवायच्या आधी जरा थांबा. बहुतेक वेळा कंट्रोलर ठणठणीत असतो. गेमला तो एकाऐवजी दोन दिसत असतात, किंवा गेम भलत्याच कंट्रोलरची वाट बघत बसलेला असतो.

खाली जे सांगितलंय ते विंडोजचा पीसी किंवा लॅपटॉप आणि अँड्रॉइड टीव्ही (किंवा साध्या टीव्हीला लावलेला अँड्रॉइड बॉक्स) या जोडीसाठी आहे. टीव्हीवर स्टीम लिंक किंवा मूनलाइट, यांपैकी एक अ‍ॅप असेल असं मी धरून चाललोय. पीसीवरच्या गेमचं चित्र नेटवर्कवरून टीव्हीवर आणायचं, म्हणजे स्ट्रीम करायचं, काम ही अ‍ॅप करतात. दोन्ही फुकट आहेत. मूनलाइट असेल तर पीसीवर सनशाइन हवं, म्हणजे पीसीकडून ते चित्र पाठवणारं सॉफ्टवेअर. जुन्या व्हिडिओंमध्ये सनशाइनच्या जागी एनव्हिडियाचं गेमस्ट्रीम चालू करायला सांगतात. ती सोय कंपनीने २०२३ मध्ये गुंडाळायला घेतली, त्यामुळे ते व्हिडिओ सोडून द्या.

आधी हे समजून घ्या: एका कंट्रोलरचे तीन कसे होतात

तुमचा कंट्रोलर टीव्हीला जोडलेला आहे. बटण दाबलं की टीव्हीवरचं अ‍ॅप ती खबर नेटवर्कवरून पीसीला कळवतं. पण पीसीवरच्या गेमला नेटवर्कवरून आलेली खबर थेट कळत नाही, त्याला विंडोजला जोडलेला कंट्रोलरच लागतो. म्हणून पीसीवरचं सॉफ्टवेअर एक आभासी कंट्रोलर तयार करतं, बहुतेक वेळा एक्सबॉक्स ३६० चा, आणि तुमची बटणं त्याच्यामार्फत गेमला पोचवतं. झाली पहिली नक्कल.

आता त्याच पीसीवर स्टीम चालू असेल तर त्यालाही हा आभासी कंट्रोलर दिसतो. स्टीममध्ये 'स्टीम इनपुट' नावाची सोय आहे. ती कुठलाही कंट्रोलर घेते आणि गेमसमोर स्वतःचा एक्सबॉक्स कंट्रोलर उभा करते. ही दुसरी नक्कल. त्यात प्लेस्टेशनचा कंट्रोलर चालावा म्हणून तुम्ही कधीतरी डीएस४विंडोज टाकलं असेल आणि ते आपोआप सुरू होत असेल, तर तिसरी. नक्कल करणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरने मूळ कंट्रोलर गेमपासून लपवायचा असतो. ते जमलं तर तुम्हाला काही कळतही नाही. नाही जमलं, की गेमला एकच बटण दोनदा ऐकू येतं.

दुसरी भानगड क्रमांकाची. विंडोजवरचे बरेचसे गेम एक्सइनपुट या पद्धतीने कंट्रोलर वाचतात. ती २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० बरोबर आली, आणि तिच्यात जागा फक्त चार आहेत. जो आधी जोडला गेला, तो साधारणपणे आधीची जागा पटकावतो. एकट्याने खेळायचे कित्येक गेम, विशेषतः जुने, फक्त पहिल्या जागेकडे बघतात. तुमचा कंट्रोलर दुसऱ्या जागेवर असेल तर त्यांच्या लेखी तो नाहीच.

म्हणजे साध्य करायच्या गोष्टी दोनच: नक्कल करणारं सॉफ्टवेअर शक्यतो एकच चालू असावं, आणि हातातला कंट्रोलर पहिल्या जागेवर असावा. पुढच्या सगळ्या पायऱ्या यासाठीच आहेत.

पायरी १: पीसीभोवती काय काय जोडलंय ते बघा

ही पायरी सगळे वगळतात, आणि निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. पीसीला वायरने जोडलेला दुसरा कंट्रोलर आहे का? आतल्या खोलीत वह्यांच्या गठ्ठ्याखाली दबलेला पॅड, ज्याची स्टिक एका बाजूला कललेली आहे, तो हॉलमधल्या टीव्हीवर तुमचा कॅमेरा फिरवत असतो. शिवाय पहिली जागाही त्यानेच अडवलेली असते. तो काढा. वायरलेस पॅडचं डोंगल यूएसबीत राहिलं असेल तर तेही काढा. काही डोंगल पॅड बंद असतानाही विंडोजला 'कंट्रोलर जोडलेला आहे' असंच सांगत राहतात.

स्टीअरिंग व्हील, पेडल, फ्लाइट स्टिक, ड्रॉइंग टॅब्लेट हेही तात्पुरते काढून बघा. कधीकधी एखादा भारीतला कीबोर्ड किंवा माउसही विंडोजच्या यादीत गेम कंट्रोलर म्हणून हजेरी लावतो. तो ओळखायची युक्ती पुढच्या पायरीत आहे.

मग ब्लूटूथ. तुमचा कंट्रोलर पूर्वी पीसीशी पेअर केला होता का? पीसी फार लांब नसेल तर मधे भिंत असूनही कंट्रोलर चालू होताच पीसीलाच जाऊन चिकटू शकतो, आणि तुम्ही इकडे टीव्हीवर तो शोधत बसता. विंडोजच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन तिथून तो काढून टाका. मग टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'रिमोट आणि अ‍ॅक्सेसरीज'मध्ये जाऊन नव्याने पेअर करा. प्लेस्टेशन ४ च्या ड्युअलशॉकवर शेअर आणि पीएस ही बटणं एकत्र दाबून धरायची, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत. प्लेस्टेशन ५ च्या ड्युअलसेन्सवर क्रिएट आणि पीएस. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर वरच्या कडेचं छोटं पेअर बटण सुमारे तीन सेकंद.

ड्युअलशॉक ४ ला एका वेळी एकच सोबती लक्षात राहतो, त्यामुळे टीव्हीशी जोडला की पीसीला तो विसरतो. या कामासाठी ते बरंच आहे. एक्सबॉक्स वन एसच्या आधीच्या, म्हणजे २०१६ पूर्वीच्या एक्सबॉक्स वन कंट्रोलरमध्ये ब्लूटूथ नाहीच. तो टीव्हीला वायरनेच जोडावा लागेल.

पायरी २: विंडोजला नक्की काय दिसतंय ते पाहा

टीव्हीवर स्ट्रीम चालू ठेवा, गेम मात्र सुरू करू नका. पीसीवर विंडोजची कळ आणि आर एकत्र दाबा. छोटी खिडकी उघडेल, तिच्यात इंग्रजीत जे-ओ-वाय, टिंब, सी-पी-एल अशी अक्षरं टाका आणि एंटर मारा. 'गेम कंट्रोलर्स' नावाची यादी येईल. विंडोजच्या जुन्या काळापासूनची ही खिडकी आहे, दिसायलाही तशीच. पण निदानासाठी मी अजूनही आधी हीच उघडतो.

टीव्हीकडे एकच कंट्रोलर असेल तर यादीत एकच नाव हवं. मूनलाइट आणि सनशाइन असेल तर साधारणपणे 'एक्सबॉक्स ३६० फॉर विंडोज' असं काहीतरी. दोन नावं दिसली तर दुसरं कोणाचं हे शोधायचं. त्या नावावर क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा, बटणं आणि स्टिक दाखवणारा फलक येतो. आता हातातल्या कंट्रोलरची बटणं दाबा. दोन्ही नावांच्या फलकांवर तुमचंच बटण पेटत असेल, तर एकाच कंट्रोलरच्या दोन नकला आहेत. एकावर पेटतं आणि दुसरा थंड आहे, तर तो दुसरा कुठलातरी परका कंट्रोलर आहे. पायरी १ कडे परत जा. आणि हात न लावता फलकावरचं अधिकचं चिन्ह मध्यापासून सरकलेलं असेल, तर कॅमेरा फिरवणारा सापडला.

इथे नवी मंडळी एका गोष्टीने हमखास घाबरतात. या फलकावर एक्सबॉक्सचे दोन्ही ट्रिगर एकाच पट्टीवर दिसतात: डावा दाबला की पट्टी एकीकडे, उजवा दाबला की दुसरीकडे, दोन्ही दाबले की पुन्हा मधोमध. कंट्रोलर बिघडलेला नाही. ही खिडकी डायरेक्टइनपुट या एक्सइनपुटच्याही आधीच्या पद्धतीने वाचते, आणि त्या पद्धतीत हे दोन ट्रिगर मिळून एकच अक्ष धरला जातो.

एक मर्यादाही लक्षात घ्या. स्टीम इनपुटची नक्कल बऱ्याचदा या यादीत येत नाही, कारण स्टीम ती थेट त्याने सुरू केलेल्या गेमच्या आत पोचवतं. त्यामुळे यादीत एकच नाव असूनही गेममध्ये बटण दोनदा लागत असेल, तर स्टीमकडे बघायचं.

पायरी ३: स्टीम लिंक वापरणाऱ्यांसाठी

इथे काम सोपं आहे, कारण टीव्हीवरून येणारी बटणं स्टीमच्याच हातून जातात. म्हणून स्टीम इनपुट चालू ठेवा आणि बाकीचे सगळे मध्यस्थ बंद करा. डीएस४विंडोज चालू असेल तर घड्याळाशेजारच्या चिन्हावर जाऊन ते पूर्ण बंद करा, आणि विंडोजबरोबर आपोआप सुरू होणार नाही हेही पाहा. खिडकीचा नुसता फुलीचा चौकोन दाबल्याने ते बंद होतंच असं नाही.

स्टीममध्ये सेटिंग्ज, तिथे कंट्रोलर. एक्सबॉक्स, प्लेस्टेशन आणि स्विच प्रो या प्रत्येकासाठी स्टीम इनपुटचं वेगळं सेटिंग तिथे आहे. मग ज्या गेममध्ये अडचण आहे त्याच्या नावावर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, कंट्रोलर. या जागी त्या एका गेमपुरतं स्टीम इनपुट चालू, बंद किंवा 'नेहमीचंच' असं निवडता येतं. पूर्वी कधीतरी कुणाच्या तरी सल्ल्यावरून ते बंद केलेलं असतं आणि आपण विसरलेलो असतो, म्हणून इथे एकदा डोकवाच.

टीव्हीवरच्या स्टीम लिंकमध्येही कंट्रोलरचं पान आहे. टीव्हीचा रिमोट किंवा 'एअर माउस' म्हणून मिळणारा छोटा कीबोर्ड तिथे कंट्रोलर म्हणून दिसत असेल, तर खेळताना त्याचं डोंगल काढून ठेवा.

पायरी ४: मूनलाइट आणि सनशाइन वापरणाऱ्यांसाठी

इथे जरा जास्त वेळ थांबावं लागेल, कारण मोकळीक जास्त तसा गोंधळालाही वाव जास्त.

विंडोजवर सनशाइन आभासी कंट्रोलरसाठी विजेमबस नावाच्या ड्रायव्हरवर अवलंबून असतं. चित्र येतंय, टीव्हीच्या मेनूतही कंट्रोलर चालतोय, पण पायरी २ मधल्या यादीत एकही नाव नाही, तर हा ड्रायव्हर टाकायचा राहिलाय असं समजा. तो टाका आणि पीसी रीस्टार्ट करा. त्याच्या निर्मात्यांनी २०२३ मध्ये त्यावरचं काम थांबवल्याचं जाहीर केलं, तरी आहे तो ड्रायव्हर चालतो.

नंतर सनशाइनचं सेटिंगचं पान. घड्याळाशेजारच्या सनशाइनच्या चिन्हावरून ते उघडतं, किंवा पीसीच्या ब्राउझरमध्ये https://localhost:47990 हा पत्ता टाकायचा. कॉन्फिगरेशनमध्ये 'इनपुट' नावाचा भाग आहे. तिथे आभासी कंट्रोलर कुठल्या जातीचा हवा ते ठरवता येतं: आपोआप, एक्सबॉक्स ३६०, किंवा ड्युअलशॉक ४. 'आपोआप' ठेवलं की सनशाइन तुमचा कंट्रोलर बघून ठरवतं. त्यात टचपॅड किंवा हालचाल ओळखणारे सेन्सर दिसले तर ड्युअलशॉक ४ ची नक्कल करतं. ऐकायला छान आहे, पण फक्त एक्सइनपुट समजणाऱ्या गेमला ही नक्कल दिसतच नाही. 'स्टीमच्या मेनूत चालतो, गेममध्ये नाही' या तक्रारीचं हे एक नेहमीचं कारण आहे. टचपॅडची गरज नसेल तर सरळ एक्सबॉक्स ३६० निवडा. नवख्यांनी तर सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे.

आता स्टीम आणि सनशाइन यांचं आपसात. गेम स्टीमवरचा असेल आणि बटणं दोनदा लागत असतील, तर त्या गेमच्या प्रॉपर्टीजमध्ये स्टीम इनपुट बंद करा. सनशाइनने आधीच एक्सबॉक्सचा कंट्रोलर दिलेला आहे, स्टीमने तो परत बनवायची गरज नाही.

गेम एपिक किंवा गॉगचा (स्टीमसारखीच गेमची दुसरी ऑनलाइन दुकानं) असेल आणि मागे स्टीम नुसतं उघडं असेल, तर वेगळीच गंमत होते. स्टीम तुम्हाला कंट्रोलरने डेस्कटॉपही चालवू देतं, म्हणजे स्टिक हलवली की माउसचा बाण हलतो आणि एखादं बटण क्लिकचं काम करतं. गेम स्टीमचा नसल्याने स्टीमला वाटतं तुम्ही डेस्कटॉपवरच आहात. मग पात्र पळतंय आणि त्याच्या अंगावरून माउसचा बाणही फिरतोय, अशी जत्रा. उपाय दोन: स्टीम पूर्ण बंद करा, नाहीतर स्टीमच्या कंट्रोलर सेटिंगमधला डेस्कटॉप लेआउट बंद करा. पहिला उपाय आळशी आहे, पण हमखास.

टीव्हीवरच्या मूनलाइटच्या सेटिंगमध्ये गेमपॅडचा स्वतंत्र विभाग आहे. त्यातल्या या गोष्टी बघा.

'ऑटोमॅटिक गेमपॅड प्रेझेन्स डिटेक्शन' चालू असेल तर मूनलाइट जोडलेल्या कंट्रोलरइतकेच आभासी कंट्रोलर बनवतं. ते बंद केलं तर कंट्रोलर असो-नसो, एक कायम जोडलेला दाखवतं. काही गेम सुरू होतानाच एकदा कंट्रोलर शोधतात आणि नंतर बघतच नाहीत. अशांसाठी बंद करणं उपयोगी. एरवी चालूच ठेवा.

'फ्लिप फेस बटन्स' म्हणजे ए-बी आणि एक्स-वाय यांची अदलाबदल. निन्टेन्डोच्या कंट्रोलरवर ही बटणं एक्सबॉक्सच्या उलट जागी असतात, म्हणून ही सोय. स्टीममध्येही निन्टेन्डोच्या मांडणीचं असंच सेटिंग आहे. दोन्हीकडे चालू केलंत तर उलट्याचं पुन्हा सुलट होईल आणि तुम्ही डोकं खाजवत बसाल. एकाच ठिकाणी बदला.

आणि माउस मोड. मूनलाइटमध्ये स्टार्ट बटण थोडा वेळ दाबून धरलं की कंट्रोलर माउससारखा वागायला लागतो. गेम थांबवायला स्टार्ट दाबताना बोट जरा रेंगाळलं की हे चालू होतं, आणि 'कंट्रोलर मेला' अशी बोंब होते. परत तेच बटण दाबून धरा, कंट्रोलर जागेवर येतो. अडचण अचानक, खेळता खेळता सुरू झाली असेल तर सगळ्यात आधी हे करून बघा.

प्लेस्टेशनचे कंट्रोलर

सोनीचे कंट्रोलर विंडोज आणि अँड्रॉइड दोघांनाही जरा परके. सोनीच्या म्हणण्यानुसार ड्युअलशॉक ४ साठी अँड्रॉइड १० किंवा पुढचं आणि ड्युअलसेन्ससाठी अँड्रॉइड १२ किंवा पुढचं हवं. टीव्ही जुना असेल तर कंट्रोलर जोडला जातो, पण चौकोन दाबला की त्रिकोण लागतो किंवा ट्रिगर भलत्याच बटणाचं काम करतात. अशा वेळी पीसीवर कितीही सेटिंग बदललीत तरी फरक पडणार नाही. चूक टीव्हीच्या पायरीवरच झालेली आहे. टीव्हीला अपडेट आलंय का बघा, नाहीतर त्या टीव्हीपुरता एक्सबॉक्स पद्धतीचा पॅड वापरा. टचपॅडला बोट लागून टीव्हीवर माउसचा बाण उमटतो, हेही या कंट्रोलरच्या बाबतीत नेहमीचं आहे.

पडद्यावर त्रिकोण-गोल ऐवजी ए-बी दिसत असेल तर घाबरू नका. गेमला एक्सबॉक्सची नक्कल दिसतेय, म्हणून तो एक्सबॉक्सची चिन्हं दाखवतो. कंट्रोलर नीट चालतोय याचाच तो पुरावा. चिन्हांच्या हट्टापायी डीएस४विंडोज, स्टीम इनपुट आणि सनशाइन असं तिघांना कामाला लावू नका.

स्वस्तातले वायरलेस पॅड

हजार-दीड हजाराच्या आसपासचे, यूएसबी डोंगलवाले जे पॅड आपल्याकडे ऑनलाइन सर्रास मिळतात, त्यांतल्या बऱ्याचशांमध्ये दोन-तीन मोड असतात: पीसीसाठी एक्सइनपुट, जुन्या गेमसाठी डायरेक्टइनपुट, आणि कधी अँड्रॉइड. डोंगल टीव्हीत घातलं की पॅड आपणहून मोड बदलू शकतो. मोड चुकला की उजवी स्टिक चालत नाही किंवा ट्रिगर दबत नाहीत. बहुतेक पॅडवर मधलं होम किंवा मोड बटण काही सेकंद दाबून धरलं की मोड बदलतो आणि दिव्यांची मांडणी बदलते. नेमकं बटण पॅडबरोबरच्या कागदावर असतं, तो कागद टाकून देऊ नका. मोड बदलल्यावर टीव्हीला तो नवाच कंट्रोलर वाटतो, म्हणून स्ट्रीम बंद करून पुन्हा सुरू करा.

होम बटणाची ओढाताण

कंट्रोलरच्या मधोमध असलेलं एक्सबॉक्सचं किंवा पीएसचं बटण सगळ्यांनाच हवं असतं. टीव्हीला वाटतं ते मला होम स्क्रीनवर नेण्यासाठी आहे. स्टीमला त्यावर स्वतःचा मेनू उघडायचा असतो. विंडोजला गेम बार, म्हणजे गेमवर उघडणारी त्याची स्वतःची पट्टी. परिणामी ऐन लढाईत टीव्हीचं होम पान समोर येतं.

विंडोजपुरतं सोपं आहे: सेटिंग्ज, गेमिंग, गेम बार, आणि कंट्रोलरच्या बटणाने गेम बार उघडण्याचा पर्याय बंद. स्टीममध्ये कंट्रोलर सेटिंगमधला 'गाइड बटन फोकसेस स्टीम' हा पर्याय हवा असेल तरच ठेवा. टीव्ही मात्र हट्टी असतो. अनेक टीव्हींवर हे बटण अ‍ॅपपर्यंत पोचूच देत नाहीत. सनशाइनवाल्यांसाठी यातून वाट आहे: त्याच्या इनपुट विभागात होम बटणाच्या एम्युलेशनसाठी (नकलेसाठी) वेळ टाकता येतो, मिलिसेकंदांत. तो मुळात बंद असतो. तिथे २००० टाका. मग बॅक किंवा सिलेक्ट बटण दोन सेकंद दाबून धरलं की पीसीला ते होम बटण वाटेल, आणि टीव्हीला कळणारही नाही.

दोघं-तिघं मिळून खेळताना

शेजारी बसून खेळायचे गेम काढले की 'मी पहिला, तू दुसरा' यावरून भांडण ठरलेलं. क्रम बिघडला असेल तर गेम बंद करा, स्ट्रीम बंद करा, सगळे कंट्रोलर बंद करा. मग ज्याला पहिलं खेळायचंय त्याचा कंट्रोलर आधी चालू करा, टीव्हीच्या मेनूत तो हलतोय हे बघा, नंतर दुसरा. त्यानंतर स्ट्रीम, आणि सगळ्यात शेवटी गेम. स्टीममधून खेळत असाल तर एवढा खटाटोप नको, गेम चालू असतानाच होम बटणाने स्टीमचा मेनू उघडून कंट्रोलरचा क्रम बदलता येतो.

दोन कंट्रोलर एकाच पात्राला हलवत असतील तर पायरी २ ची यादी बघा. यादीत नावं दोन असतील आणि तरीही पात्र एकच हलत असेल, तर प्रश्न गेमच्या आत आहे. काही गेम दुसऱ्या खेळाडूने बटण दाबून 'मी आलो' असं सांगेपर्यंत सगळे कंट्रोलर एकाच्याच नावावर धरतात, आणि काही गेम पहिल्याला कीबोर्ड देऊन टाकतात व कंट्रोलर दुसऱ्याकडे सरकवतात. हे गेमच्या सेटिंगमध्येच बदलावं लागतं.

बटण अडकून राहणं, पात्र थांबता न थांबणं, हे दोन ब्लूटूथ कंट्रोलर लागले की जास्त होतं. त्याला नकलांशी काही देणंघेणं नसतं. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि वायफायही त्याच पट्ट्यात असेल तर दोघांची धक्काबुक्की होते. टीव्ही आणि पीसी ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर घ्या. पीसी तरी राउटरला लॅन केबलने जोडलात तर फारच उत्तम. यूएसबी ३ च्या पोर्टमधली हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्हही या पट्ट्यात गोंगाट करते, म्हणून कंट्रोलरचं डोंगल तिच्या शेजारी लावू नका. छोट्या एक्स्टेन्शन केबलने टीव्हीच्या पुढे आणा.

सगळं करूनही दोनच दिसत असतील

क्वचित अशी वेळ येते की पीसीला जोडलेला एखादा कंट्रोलर काढता येत नाही, आणि तो गेमला दिसायलाही नको असतो. त्यासाठी विजेमबसच्याच निर्मात्याचं हिडहाइड नावाचं फुकट साधन आहे. ते टाकल्यावर पीसी रीस्टार्ट करा. मग त्यात उपकरणांच्या यादीत नको असलेल्या कंट्रोलरवर टिक करा आणि खालचा लपवण्याचा पर्याय चालू करा. ज्या सॉफ्टवेअरला तो कंट्रोलर दिसायलाच हवा, उदाहरणार्थ डीएस४विंडोज, त्याची फाइल अ‍ॅप्लिकेशन्सच्या यादीत टाका. बदल लागू व्हायला तो कंट्रोलर एकदा काढून परत लावा. आणि पीसीवर एक चिठ्ठी चिकटवून ठेवा की अमुक कंट्रोलर लपवलेला आहे. सहा महिन्यांनी घरातलं दुसरं कोणीतरी तो लावेल, विंडोजला तो सापडणार नाही, आणि ते बिचारे ड्रायव्हर टाकत बसतील.

स्टीअरिंग व्हीलवाल्यांना मात्र वरच्यातलं फारसं काही उपयोगी नाही. स्टीम लिंक काय किंवा मूनलाइट काय, व्हीलला एक्सबॉक्सच्या पॅडसारखंच वागवतात. ९०० अंश फिरणाऱ्या चाकाची अचूकता एका छोट्या स्टिकच्या मापात बसवली जाते आणि फोर्स फीडबॅक, म्हणजे चाकातून हाताला जाणवणारा जोर, जातोच. त्यांच्यासाठी व्हर्च्युअलहिअर हे वेगळं सॉफ्टवेअर आहे. ते यूएसबी उपकरण जसंच्या तसं नेटवर्कवरून पीसीला जोडतं, आणि पीसीला वाटतं व्हील आपल्यालाच लावलंय. सर्व्हर टीव्ही बॉक्सवर टाकायचा, क्लायंट पीसीवर, आणि व्हीलचा ड्रायव्हरही पीसीवरच. एका उपकरणापुरतं ते फुकट चालतं. व्हील अशा रीतीने जोडलं की स्ट्रीमच्या अ‍ॅपला ते कंट्रोलर म्हणून दिसायला नको. दिसत असेल तर पुन्हा तेच, एकाचे दोन. अ‍ॅप बंद करा, आधी व्हर्च्युअलहिअरने व्हील जोडा आणि मग स्ट्रीम सुरू करा.